उतारावरचे तीन पैलू

आमच्या घरात एकही सुरी कापत नाही. टोमॅटो ठेचला जातो, पावाचा चुरा होतो, आणि भावजय कांदा चिरायला बसली की कांद्यापेक्षा सुरीच्या वैतागानंच रडते. लाकूड कातायचा कारखाना घराला लागून, भिंतीपलीकडे धार लावायचा ग्राइंडर, आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बोथट. शेजारीपाजारी हसतात. हसू देत. नऊ वर्षांपूर्वी या घरात ठरलं की धारेला मी हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणाला नीट लावता येत नाही, त्याला सुऱ्या काय करणार.

त्याआधी बावीस वर्षं धार मीच लावत होते. अख्खी गल्ली मला धारवाली म्हणायची. बाबा आणि माझा धाकटा भाऊ लेथवर उभे राहायचे. टेबलाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, मोठमोठे लाकडी वाडगे कातायचे. मी मागच्या खिडकीपाशी त्यांच्या पटाश्यांना धार लावून ओळीनं घोडीवर टेकवून ठेवायचे. लेथवर मला कुणी उभं केलं नाही. ते पुरुषाचं काम, असं बाबांचं म्हणणं. मी तोंडावर म्हणायचे, "धार नसेल तर पुरुषानं लेथवर उभं राहून करायचं काय? लाकडाला गुदगुल्या?" त्यावर बाबा हसायचे. तेव्हा हसायचे.

पटाशी चाकासमोर एकाच कोनात धरून ठेवणारा जिग मीच बनवला. एका अवजारवाल्याच्या दुकानात तसला पाहिला होता. घरी येऊन पाइपचा तुकडा, एक मोठा स्क्रू आणि सागाचा ठोकळा घेऊन तसाच जमवला. त्यात अवघड काही नाही. पटाशीचं तोंड तिरकं घासलेलं असतं, त्याला आम्ही उतार म्हणतो. हातानं धार लावली की प्रत्येक वेळी मनगट थोडं वेगळं पडतं आणि उतारावर बारीक बारीक सपाट पैलू उठतात. जिगमध्ये पटाशी आवळायची, टोक बरोबर दोन इंच बाहेर ठेवायचं. ते माप चुकू नये म्हणून मी फळीत एक खाच केली होती. जिगची शेपटी चाकाखालच्या खळीत टेकवायची आणि पटाशी डावीउजवीकडे झुलवायची. बस. उतार एकसंध येतो, आज लावा नाहीतर चार महिन्यांनी लावा, तोच कोन. पोलादही कमी जातं.

बाबांना जिग डोळ्यांसमोर नको असायचा. "हाताची खात्री नसली की माणूस कुबड्या शोधतो," असं म्हणायचे. पण मी लावलेली धार मात्र मुकाट वापरायचे. त्यांच्या जुन्या, झिजून बोटाएवढ्या उरलेल्या पटाश्या अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत, जिगच्या आधीच्या. प्रत्येकीच्या डाव्या कडेला तीन पैलू. गोल पटाशीच्या दोन्ही कडांना आम्ही पंख म्हणतो. बाबा चाकावर सुरुवात डाव्या पंखापासून करायचे, तीनदा थांबायचे, आणि मग एकदम उजवीकडे वळवायचे. ती त्यांच्या हाताची खोड. लहानपणी बापाची सही ओळखू यावी तसे मला ते तीन पैलू ओळखू यायचे.

त्या दिवशी सकाळी मी सात पटाश्यांना धार लावली आणि पॉलिशपेपर आणायला बाजारात गेले. धाकटा लाकूड बघायला वखारीत गेला होता. कारखान्यात बाबा एकटे होते, मोठ्या वाडग्याचं पोट पोखरत होते. मोठ्या गोल पटाशीनं. परत आले तर दारात गर्दी. पटाशी लाकडात अडकली, लाकडानं तिला आत ओढली, आणि बाबांचं उजवं मनगट पटाशी टेकवायच्या लोखंडी टेकणीत आणि फिरत्या वाडग्यात सापडलं. आईनं धप्प आवाज ऐकला होता, तेवढंच.

बाबांना गाडीत घालत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले.

"धार."

झालं. पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. कारण मला स्वतःलाच वाटलं की जिगचा स्क्रू मी नीट आवळला नसणार. सात पटाश्या, बाजाराची घाई, पटाशी जिगमध्ये सरकली असेल आणि उतार वेडावाकडा आला असेल. नऊ वर्षं मी मनातल्या मनात तो स्क्रू आवळत आले आहे. भांडी घासताना आवळते, कपडे वाळत घालताना आवळते. आठवायचा प्रयत्न करते, की त्या सकाळी अंगठ्याला तो घट्ट लागला होता की नव्हता. आठवत नाही. जी गोष्ट दिवसातून सातदा करतो ती कुणाला आठवते?

जिग धाकट्यानं माळ्यावर फेकला. आईनं ती पटाशी चादरीच्या फडक्यात गुंडाळून कुठेतरी ठेवली. अपशकुनी वस्तू म्हणून पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. डावा हात धक्क्यानं थरथरतो, निदान ते तसं सांगतात. म्हणून शर्टाची बटणं मी लावते, दाढी मी करते, चहाचा कप मी तोंडाला धरते. सकाळ, संध्याकाळ, नऊ वर्षं. अपघातानंतर लगेचच एका फर्निचरच्या कारखान्याचा फोरमन घरी येऊन गेला होता. धार लावायला तुमच्यासारखं माणूस हवंय, म्हणाला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. ज्या बापाचा हात मोडला त्याला सोडून कुठल्या तोंडानं जायचं? आणि आपली धार दुसऱ्याच्या हातात द्यायची मला भीती वाटायला लागली होती, हेही खरं.

आई गेल्या वर्षी गेली.

तर परवा दुपारी मी स्वयंपाकघरात पाव कुरतडत होते, कापत होते असं म्हणवत नाही. धाकटा आला. त्याच्या हातात चादरीचं फडकं होतं.

"ताई, आईची पेटी आवरत होतो," तो म्हणाला. "ही सापडली."

मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, लांबीवरून कळलं.

"ठेव परत."

"अगं, ऐक तर. हॉटेलवाल्याचे साठ वाडगे आहेत, मोठे, खोल. माझ्या सगळ्या गोल पटाश्या झिजून संपल्यात. एवढं लांब पोलाद आता मिळत नाही. आणि माझी धार..." तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, "लाकूड फाटतंय. तीन वाडगे वाया गेले."

नाचता येईना अंगण वाकडं, असं इतकी वर्षं चाललं होतं त्याचं. लाकूड ओलं आहे, चाक खराब आहे, पोलादात दम नाही. चाक झिजून लहान झालं की कोन बदलतो, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. सांगायला मी भिंतीच्या अलीकडेच होते. विचारलं कुणी?

"मग मी काय करू?" मी म्हटलं.

"तू एकदा लाव ना. ही एवढीच. ग्राइंडरला कालच नवं चाक बसवलंय, पूर्वीच्याच मापाचं. चांगली झाली तर मग बघू. तू परत खिडकीपाशी बसायला लाग. मला काही हरकत नाही."

"आणि धारेला हात लावायचा नाही, हे कुणी सांगितलं होतं मला? भिंतीनं?"

"ताई, झालं ते झालं." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला केव्हाच माफ केलंय."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आणि पाय धरताना वर गाढवाला माफ पण करतो. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. कारण त्यानं "खिडकीपाशी" म्हटलं होतं. नऊ वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. मला तिथे परत बसायचं होतं. माफी घेऊन बसावं लागलं असतं तरी बसले असते, इतकी लाज सोडली होती मी.

"वखारीत जाऊन येतो," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल."

माळ्यावरून जिग काढला आणि पलीकडे कारखान्यात खिडकीपाशी घेऊन गेले. धूळ पुसली, स्क्रूला तेल दिलं. तो अजून नीट फिरत होता. फळीतली खाच तिथेच होती, वर रंगाचे दोन ठिपके पडले होते इतकंच. मग फडकं सोडलं. पटाशीला तांबूस गंजाचा पातळ थर आला होता. तो पॉलिशपेपरनं काढला, नजर उतारावर जाऊ न देता. जखमेवरची पट्टी काढताना माणूस दुसरीकडे बघतो ना, तसं.

पहिल्यांदा करायचं असतं ते मार्करचं काम. उतार पूर्ण काळा करायचा, पटाशी जिगमध्ये आवळायची, ग्राइंडर बंद ठेवून चाक हातानं हळू फिरवायचं. चाक जिथे टेकतं तिथला काळा रंग निघतो. कोन जुळलाय की नाही हे त्यावरून कळतं. मी टोक खाचेत टेकवून दोन इंच काढलं, स्क्रू आवळला, पुन्हा आवळला, तिसऱ्यांदा आवळला. चाक फिरवलं आणि पटाशी डावीउजवीकडे झुलवली.

काढून बघितलं. उताराच्या मागच्या बाजूचा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ निघाला होता, कुठेही खंड नाही. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी लावलेला कोन आणि आजचा कोन तंतोतंत एक. पटाशी जिगमध्ये सरकली असती तर असं झालंच नसतं. स्क्रू घट्ट होता. 

मग लक्षात आलं की पुढचा भाग काळाच आहे. धारेच्या अगदी लगतचा, नखाएवढा. तिथे चाक पोचलंच नव्हतं. माझ्या उतारावर, माझ्या नंतर, कुणीतरी पुढचा भाग वेगळ्या कोनात घासला होता. मी पटाशी खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या पंखावर पैलू होते. एक, दोन, तीन. तिसऱ्यानंतर मनगट घाईनं वळलेलं, आणि वळताना पंखाचं एक टोक तसंच उभं राहून गेलेलं. असलं टोक खोल वाडग्यात घातलं की लाकूड ते धरणारच.

मी भिंतीकडे बघितलं. टांगलेल्या सगळ्या पटाश्यांवर तेच तीन पैलू. धाकट्याचे नव्हते ते. तो डावखुरा, त्याचे पैलू उजवीकडे उठतात, आणि तो त्या सकाळी वखारीत होता.

बाबा पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी पटाशी त्यांच्या मांडीवर ठेवली. दांड्यावर नजर पडताच त्यांनी ओळखली.

"कुठे होती ही?"

"आईच्या पेटीत."

"मी तिला टाकून द्यायला सांगितलं होतं."

"चांगलं पोलाद होतं, टाकवलं नसेल तिला," मी म्हटलं. "हे तीन पैलू कुणाचे, बाबा?"

त्यांनी डाव्या हातानं पटाशी उचलली आणि अंगठा उतारावरून फिरवला. एकदा मागून पुढे, मग पंखावरून. तीनही पैलूंवर अंगठा क्षणभर थांबला. मी बघत होते. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"धार बरी नव्हती," ते म्हणाले.

"बरी होती. आत्ता चाकावर लावून बघितलं. माप जसंच्या तसं आहे."

त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घराचं वाळत घातलेलं धुणं होतं.

"आदल्या दिवशी गिऱ्हाईक आलं होतं," ते म्हणाले. "तो जिनेवाला. तुझ्याकडे बघून हसत म्हणाला, खरी कारागीर तर तुमची मुलगी, तुम्ही नुसते उभे असता. मीही हसलो. सकाळी पटाशी हातात घेतली तर ती मला माझी वाटेना. म्हणून चाकावर दोन हात मारले."

"तीन."

"तीन."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पन्नास वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस मी. स्वतःच्याच धारेनं हात मोडून घेतला, असं सांगू? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. धाकट्याला कोण काम देणार होतं मग?"

"आणि माझ्या तोंडात घातलेलं चाललं?"

ते माझ्याकडे वळले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुला कुठे गिऱ्हाईक सांभाळायचं होतं?" ते म्हणाले. "तुझं काय जाणार होतं?"

काय जाणार होतं. त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते हिशेब समजावून सांगितल्यासारखं शांतपणे बोलले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला वाटलं, फोरमनचं सांगावं. मग वाटलं, स्क्रूचं सांगावं. या माणसाच्या दाढीचा साबण मी नऊ वर्षं पुसत होते आणि तो रोज सकाळी गाल पुढे करत होता, सगळं माहीत असून.

"धाकट्याला सांगा," मी म्हटलं. "तुमच्या तोंडानं."

"सांगतो."

"कधी?"

"आज. चहाच्या वेळी. तू आधी पटाशी तयार कर, त्याचं काम अडलंय."

"धार लावली की पैलू जातील, बाबा. मग दाखवायला काही उरणार नाही."

"सांगतो म्हटलं ना मी." आवाज चढला. "बापाच्या शब्दापेक्षा लोखंडाचा तुकडा मोठा झाला का तुला?"

इथे मी मूर्खपणा केला. मला नंतर कुणी सांगायला नको, मीच सांगते. पटाशी तशीच ठेवायची होती आणि धाकटा आल्यावर त्याच्या नाकासमोर धरायची होती. पैलू त्यालाही वाचता येतात, अजून एवढा गाढव नाही तो. पण मला पोलादाकडून सुटका नको होती. मला ते बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. ज्या तोंडातून "धार" निघालं त्याच तोंडातून. पुराव्यानं सिद्ध झालं असतं तर मी नुसती निर्दोष सुटले असते. त्यांनी सांगितलं असतं तर मी त्यांची मुलगी झाले असते. वेडी आशा, दुसरं काय. शेहेचाळीस वर्षांची बाई मी.

आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवत होते.

कारखान्यात परत येऊन बटण दाबलं. चाकानं सूर धरला. नव्या चाकाला किंचित हेलकावा असतो, तो हिऱ्याची कणी बसवलेल्या दांडीनं चाक घासून काढला. मग पटाशी टेकवली. पहिल्या ठिणग्या धारेच्या खालून निघाल्या, झुलवत गेले तशा हळूहळू वर सरकल्या. दाबायचं नसतं. पटाशीचं वजन तिचं तिला चाकावर ठेवू द्यायचं, आपण फक्त फिरवायचं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या फेरीला पहिला पैलू गेला. मी थांबले. अजून दोन उरले होते. अजूनही परत फिरता आलं असतं. घरात उघडणाऱ्या दारातून बाबांच्या खुर्चीची पाठ दिसत होती.

सुरू केलं आणि पूर्ण केलं. ठिणग्या धारेच्या वरच्या अंगानं सांडायला लागल्या, म्हणजे काम झालं. उतार एकसंध आला होता, एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत, कुठे रेघ नाही. खूप सुंदर आला होता. इतक्या वर्षांत मी एवढी खूश झाले नव्हते, हेही लिहून ठेवायला हवं, लाज वाटली तरी. चाकाखालच्या डब्यात चिमूटभर करडी भुकटी पडली होती.

संध्याकाळी धाकटा आला तो थेट लेथवर गेला. मी इकडे चहा टाकला. भिंतीपलीकडून आवाज यायला लागला, आधी जाडसर, मग सलग, रेशमी, मध्ये कुठेही न अडखळणारा. तो आवाज खोटं बोलत नाही. थोड्या वेळानं धाकटा आत आला. त्याच्या एका हातात पटाशी आणि दुसऱ्या हातात लाकडाची एकच लांब पट्टी, सफरचंदाच्या सालीसारखी गुंडाळलेली.

"बाबा, बघा," तो म्हणाला. लहान मुलासारखा खुलला होता. "एका दमात निघाली."

बाबांनी पटाशी घेतली, डाव्या अंगठ्यानं धार चाचपली.

"चांगली आहे," ते म्हणाले.

मी चहा ओतला. एक कप धाकट्यासमोर ठेवला, एक बाबांच्या उजव्या बाजूला नेहमीच्या जागी. स्वतःचा घेऊन बसले आणि वाट बघायला लागले. बाबांनी पटाशी धाकट्याला परत दिली. मान खाली घातली. मला वाटलं, आता.

"ताई," धाकटा म्हणाला, आणि फार मायेनं म्हणाला, "इतकी छान येते तुला. त्या दिवशीही अशीच लावली असतीस, तर बाबांचा हात शाबूत असता बघ."

मी बाबांकडे बघितलं. ते चहाकडे बघत होते. चहावर साय धरायला लागली होती. त्यांना वेळ लागत असेल म्हणून मी थांबले. 

"बाबा," मी म्हटलं. "सांगताय ना?"

"काय सांगायचंय?" धाकट्यानं विचारलं.

बाबांनी चहावरची नजर उचलली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मग मीच सांगितलं. जिनेवाल्याचं सांगितलं, तीन पैलूंचं सांगितलं, मार्करचं सांगितलं, दुपारी याच खुर्चीत ते काय म्हणाले तेही सांगितलं. भराभर सांगितलं, आणि भराभर सांगितल्यामुळे ते मला स्वतःलाच खोटं ऐकू यायला लागलं. धाकटा उठला, दिव्याखाली गेला आणि पटाशी फिरवून फिरवून बघायला लागला. उतार लखलखत होता.

"कुठे आहेत पैलू?"

"चाकाखालच्या डब्यात," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, कीव आली होती.

"ताई, नऊ वर्षांनी? आणि बाबांवर ढकलतेस?"

"जाऊ दे रे," बाबा हळूच म्हणाले. "तिच्या मनाला अजून लागून राहिलंय ते. तिला काही बोलू नकोस तू."

मला वाटलं होतं, मी ओरडेन. मी ओरडले नाही.  एका दिवसात दोघांनी मला माफ केलं होतं, एकानं मी न केलेल्या चुकीसाठी आणि दुसऱ्यानं त्यानं स्वतःच केलेल्या.

"चहा निवतोय गं," बाबा म्हणाले, आणि हनुवटी पुढे केली.

मी उठले. त्यांच्या उजव्या बाजूचा कप बशीसकट उचलला, खुर्चीला वळसा घातला आणि डाव्या हाताशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"डाव्या हातानं घ्या."

"थरथरतो तो."

"दुपारी पटाशीवर थरथरला नाही. आत्ताही नाही थरथरला."

"ताई, काय चाललंय तुझं?" धाकटा म्हणाला. तो कप उचलायला पुढे येणार होता, पण एका हातात पटाशी होती आणि दुसऱ्यात ती लाकडाची लांब साल, आणि साल मोडेल म्हणून तो जागीच थांबला.

मी हात मागे बांधून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.  बाहेर समोरच्या घरातली बाई वाळलेलं धुणं काढत होती, चिमटे डब्यात टाकल्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला, कपाचा कान चिमटीत धरला, कप ओठांपर्यंत नेला, घोट घेतला आणि कप परत बशीत ठेवला.

धाकटा बशीकडे बघत होता. बशी कोरडी होती.